वणव्याचा अंदाज: ९९.९८ टक्के बरोबर, तरीही निरुपयोगी

कातळफूल | शनिवार, सकाळी ९:१२

गेली तीन वर्षं मी वणव्यांच्या नोंदींवर काम करतेय. शिक्षण संख्याशास्त्राचं. त्याआधी जंगल फक्त सहलीपुरतं पाहिलेलं. मागच्या महिन्यातली एक बैठक डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढला. इथे प्रत्यक्ष आगीवर काम केलेले लोक आहेत हे मला माहीत आहे. त्यांनी जरूर लिहावं.

आधी माझी पहिली चूक सांगते. मी जंगलाच्या एक किलोमीटरच्या हजार चौकटी केल्या. वर्षाचे ३६५ दिवस धरले की ३ लाख ६५ हजार नोंदी होतात. त्यात आग लागलेल्या नोंदी जेमतेम ५०. मॉडेल बसवलं, तपासलं, तर ९९.९८ टक्के वेळा बरोबर! दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी उत्तरं एकेक करून वाचली तेव्हा कळलं, की ते रोज, प्रत्येक चौकटीसाठी एकच गोष्ट सांगतंय: आज आग नाही. असं म्हणायला मॉडेल कशाला हवं?

मग रीतसर मार्ग घेतला. आगीच्या सगळ्या नोंदी ठेवायच्या आणि बिनआगीच्या नोंदींतून शंभरात एक उचलायची. त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही उत्तराची शक्यता काढणारी पद्धत) बसवायचं. आपण मुद्दाम आगी दाट केल्यामुळे आग लागण्या-न लागण्याचं गुणोत्तर शंभरपट फुगलेलं असतं. ते शेवटी शंभरानं भागलं की खरी शक्यता हाती येते. डेव्हिड ब्रिलिंजर आणि हायगानूश प्रीसलर या संख्याशास्त्रज्ञांनी २००० नंतरच्या काही वर्षांत वणव्यांसाठी शक्यतांची जी मॉडेलं मांडली, त्या वाटेनंच मी गेले. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस किती दिवसांपूर्वी पडला, रस्ता किती जवळ, असं सगळं घातलं. नकाशा झाला. लाल, नारिंगी, हिरवा.

तो नकाशा घेऊन आम्ही आग विझवणाऱ्या पथकांच्या बैठकीला गेलो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एका पथकप्रमुखांनी विचारलं, "ताई, आज दुपारी माझ्याकडे दोन गाड्या आणि चौदा माणसं आहेत. ती कुठे उभी करू?"

मी लाल पट्ट्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "तिथे आग लागते हे खरं. पण ती अर्ध्या तासात विझते. रस्त्यालगतच आहे ना ती!"

त्यांचं बरोबर होतं. माझा नकाशा आग कुठे *लागेल* ते सांगत होता. नुकसान करते ती *निसटलेली* आग. कॅनडातल्या १९५९ ते १९९७ या काळातल्या नोंदींचा अभ्यास आहे: २०० हेक्टरपेक्षा मोठ्या झालेल्या आगी एकूण आगींच्या ३ टक्क्यांच्या आसपास, पण जळालेल्या क्षेत्रातला ९७ टक्के वाटा त्यांचा. अमेरिकेतल्या १९९२ ते २०१२ च्या नोंदी पाहिल्या तर ८४ टक्के आगी माणसांमुळे लागलेल्या. जळालेल्या क्षेत्रात त्यांचा वाटा मात्र ४४ टक्के. म्हणजे जिथे आगी जास्त तिथेच जळणं जास्त असं नाही.

आता मला वाटतं की तीन मॉडेलांचं काम मी एकाच आकड्याकडून करून घेत होते. आग लागेल का हा एक प्रश्न. लागली तर पहिल्या तासात आवरेल का, हा दुसरा. नाही आवरली तर ती कशापर्यंत पोचेल, हा तिसरा. तिन्हींची कारणं वेगळी आणि नोंदी वेगळ्या. त्या अपुऱ्या कुठे आहेत, तेही वेगवेगळं. तुमचं काय म्हणणं?

पाणकणीस | शनिवार, सकाळी १०:०५

लेख आवडला. गणित कच्चं आहे, तरी समजलं. त्या पथकप्रमुखांचा प्रश्न फार आवडला. वाचत राहीन.

रानवाटसरू | शनिवार, दुपारी १२:४८

कातळफूलताई, बावीस वर्षं आगीवर काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या त्या पथकप्रमुखाच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं.

आमच्याकडे मॉडेल नव्हतं, हात होता. सकाळी फेरीला गेलं की पाचोळा मुठीत धरून चुरगळायचा. नुसता दुमडला तर आज निवांत. चुरा होऊन बोटांतून गळला तर दुपारी कोणी घरी जायचं नाही. काडी मोडून आवाज ऐकायचा. मग जरा उकरून खालच्या थराला हात लावायचा. वरून कोरडं आणि खाली गार, ओलसर लागलं तर आग पळेल, पण मुरणार नाही. खालीही कोरडं लागलं तर मात्र धास्ती. ती आग विझली असं वाटतं, लोक पाणी पिऊन परततात, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच जागेवरून धूर येतो.

दुसरी गोष्ट चढाची. आग चढावर पळते, माणूस चढावर दमतो. तुमच्या यादीत उतार दिसला नाही.

कातळफूल | शनिवार, दुपारी २:३०

काका, तुम्ही मुठीनं जे मोजत होता तेच कॅनडाच्या अग्निहवामान निर्देशांकात समीकरणांनी मोजलंय. कागदोपत्री वाचलेली गोष्ट तुमच्या हातून ऐकताना फार बरं वाटलं.

तिथे दुपारच्या चारच नोंदी घेतात: तापमान, सापेक्ष आर्द्रता, वारा, आणि गेल्या २४ तासांतला पाऊस. त्यावरून ओलाव्याचे तीन हिशेब रोज पुढे चालवतात. पहिला अगदी वरच्या, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीच्या पाचोळ्याचा. त्यातला जादा ओलावा दिवसाच्या आतच बराचसा उडून जातो. दुसरा त्याखालच्या सुट्या, अर्धवट कुजलेल्या थराचा, सुमारे ७ सेंटिमीटरपर्यंत. त्याला बारा-पंधरा दिवस लागतात. तिसरा खोल घट्ट थराचा, १८ सेंटिमीटरच्या आसपास. त्याची चाल ५० दिवसांच्या वर. म्हणून एका सरीनं पहिला आकडा कोसळतो आणि तिसरा ढिम्म राहतो. तुमची तिसऱ्या दिवशी वर येणारी आग या तिसऱ्या आकड्यात लपलेली असते.

एक सावधगिरी. ही पद्धत मुळात पाइनच्या जंगलावर बेतलेली आहे. दुसऱ्या जंगलात आकडे तसेच उचलले तर "३० म्हणजे धोका" ही रेघ चुकीच्या जागी पडते. निर्देशांक उसना घेता येतो, धोक्याची पातळी मात्र तिथल्याच नोंदींवरून ठरवावी लागते.

उताराचं तुमचं म्हणणं मान्य. मी तो "आग लागेल का" या मॉडेलमध्ये घालून पाहिला होता, काही फरक पडला नाही म्हणून काढला. "निसटेल का" या मॉडेलमध्ये तो हवाच होता. ऑस्ट्रेलियात मॅकआर्थर यांनी घालून दिलेला ठोकताळा आहे, की चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट. म्हणजे २० अंशांवर चौपट.

शून्यलब्धी | शनिवार, सायं. ५:१९

चांगला विषय. पण अजून लॉजिस्टिक रिग्रेशन का? मी हौस म्हणून अशाच एका खुल्या डेटावर रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-वृक्षांचा एकत्रित कौल घेणारी पद्धत) चालवलं होतं. आग लागलेली चौकट आणि न लागलेली चौकट वेगळी ओळखण्याचा गुण १ पैकी ०.९६ आला. लॉजिस्टिकचा ०.८१. वारा, आर्द्रता आणि कोरडे दिवस यांचं एकमेकांवर अवलंबून असणं अशा निर्णय-वृक्षांच्या पद्धती आपोआप पकडतात, हातानं काही घालावं लागत नाही. इतका फरक असताना जुनी पद्धत धरून बसण्यात काय अर्थ?

दूरदिवे | शनिवार, रात्री ८:४४

शून्यलब्धी, मी उपग्रहाच्या प्रतिमांवर काम करते, म्हणून दोन शंका विचारते.

प्रशिक्षणाच्या आणि चाचणीच्या नोंदी वेगळ्या कशा केल्या? चिठ्ठ्या टाकल्यासारख्या सरसकट? मोठी आग पाच-सहा दिवस चालते आणि वीसेक चौकटी व्यापते. तिच्यातल्या काही चौकटी प्रशिक्षणात गेल्या आणि शेजारच्या चौकटी चाचणीत आल्या, तर मॉडेल नवीन आग ओळखत नाही. आधी पाहिलेल्या आगीचाच दुसरा तुकडा ओळखतं.

दुसरं, "आग लागली" हे कशावरून ठरवलं? उपग्रहाचा तप्त बिंदू असेल तर त्याच्या मर्यादा मोठ्या आहेत. मोडिस आणि व्हिअर्स हे उपग्रहांवरचे संवेदक. मोडिसची चौकट १ किलोमीटरची, व्हिअर्सची ३७५ मीटरची. नकाशावर आपण ठिपका काढतो तो चौकटीच्या मध्यावर. आग त्या चौकटीत कुठेही असू शकते. शिवाय हे उपग्रह ठरलेल्या वेळांनाच डोक्यावरून जातात. व्हिअर्स दुपारी दीडच्या सुमारास आणि पुन्हा रात्री तितक्याच वाजता. दुपारी तीनला लागून सहाला विझवलेली गवताची आग त्याला दिसतच नाही. ढग असले तर तेही राहिलं. तापलेला कातळ किंवा कारखान्याची ज्वाला कधीकधी आग म्हणून येते. "आग नाही" असं लिहिलेल्या प्रत्येक नोंदीचा खरा अर्थ "आग दिसली नाही" इतकाच.

शून्यलब्धी | रविवार, सकाळी ११:०२

दूरदिवे, विभागणी सरसकटच केली होती. काल रात्री पुन्हा चालवलं. एक अख्खं वर्ष आणि एक अख्खा विभाग बाजूला ठेवून चाचणी घेतली. ०.९६ चा ०.८३ झाला. लॉजिस्टिकचा ०.८०. मी ज्याला मोठा फरक समजत होतो तो बहुतेक प्रशिक्षणातल्या आगी चाचणीत गळाल्यामुळे आला होता. आभार.

कातळफूल | रविवार, दुपारी १२:१५

शून्यलब्धी, पुन्हा चालवून आकडा इथे प्रामाणिकपणे टाकलात, याचं मोल मोठं आहे. आणि ०.८३ वाईट नाही. माझा निर्णय-वृक्षांच्या पद्धतींना विरोधही नाही.

फक्त एक चाचणी आणखी करा. मॉडेल ज्या दिवसांना २० टक्के म्हणतं असे सगळे दिवस गोळा करा आणि त्यातल्या किती दिवशी खरंच आग लागली ते मोजा. शंभरात वीसच्या आसपास आली तर आकडा विश्वासाचा. पाचच आली तर मॉडेल क्रम बरोबर लावतंय, पण धोका चौपट फुगवून सांगतंय. तुमचा गुण फक्त क्रम तपासतो, हा फुगवटा त्याला दिसत नाही. कामावरच्या माणसाला मात्र तोच आकडा वापरून माणसं हलवायची असतात. हवामानाच्या अंदाजासाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सांगितलेली मोजपट्टी इथेही लागू पडते: सांगितलेली शक्यता आणि घडलेलं, एक किंवा शून्य, यांतल्या फरकाचा वर्ग, आणि त्याची सरासरी. ती नेहमी "दर वर्षीसारखंच होईल" या आळशी अंदाजाच्या शेजारी ठेवून वाचायची.

खडूफळा | रविवार, सायं. ४:३७

गणित शिकवते, म्हणून आकारांच्या वितरणाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुलांना मी हे उदाहरण देते: ९९ आगी एकेक हेक्टरच्या आणि एक आग १०,००० हेक्टरची. सरासरी सुमारे १०१ हेक्टर. मग विचारते, १०१ हेक्टरची आग दाखवा. एकही नाही! सरासरी जिथे आहे तिथे काहीच घडत नाही. उंची, वजन, परीक्षेचे गुण यांवर वाढलेली आपली समज इथे पार चुकते.

१९९८ मध्ये मलमुड, मोरेन आणि टरकॉट यांनी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या आगींच्या नोंदी घेऊन दाखवलं, की आगीचा आकार आणि अशा आगींची वारंवारता यांचं नातं घात-नियमाच्या (पॉवर लॉ) जवळ जातं. लॉग-लॉग कागदावर, म्हणजे दोन्ही अक्षांवर दहापटीनं मापं घेतली तर, जवळजवळ सरळ रेघ. घातांक १.३ ते १.५ च्या दरम्यान. शुद्ध गणितात असा घातांक असेल तर सरासरी ठरतच नाही. जितक्या जास्त वर्षांच्या नोंदी घ्याल तितकी ती वर सरकत राहते. अर्थात जंगलाला कुठेतरी सीमा असते. नदी, कडा, समुद्र, बर्फ. म्हणून रेघ शेवटी वाकते. सगळ्या आकारांना एकच रेघ बसत नाही, असं रीड आणि मॅककेल्वी यांनी २००२ मध्ये सप्रमाण मांडलं. म्हणून मला वाटतं, सगळ्या आगींना एकच वितरण बसवायचा हट्ट सोडावा. एक उंबरठा ठरवून त्याच्या वरच्या आगींनाच वेगळं, टोकाच्या घटनांसाठीचं सामान्यीकृत पॅरेटो वितरण बसवावं. पूर आणि विम्याच्या दाव्यांत हेच करतात.

पाणकणीस | रविवार, सायं. ६:२०

खडूफळाताई, १०१ हेक्टरचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं. मग एक सामान्य प्रश्न. मोठ्या आगी इतक्या थोड्या असतील तर प्रत्येक लहान आग लगेच विझवून टाकली की झालं ना? लहान राहिली की मोठी होणारच नाही.

रानवाटसरू | रविवार, रात्री ९:०१

पाणकणीस, आम्हीही बरीच वर्षं असंच मानत होतो. पण विझवलेल्या जागेवर पाचोळा तसाच राहतो, पुढच्या वर्षी त्यावर आणखी पडतो. खालची झुडपं वाढतात. मग एक दिवस जी आग लागते ती जमिनीवरून न जाता झुडपांच्या शिडीनं शेंड्यावर चढते. शेंड्यावर गेलेल्या आगीपुढे चौदा माणसं काही करू शकत नाहीत, बाजूला होतात.

कातळफूल | सोमवार, सकाळी ८:५०

अमेरिकी वनसेवेनं १९३५ मध्ये नेमका हाच नियम केला होता: दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. काही दशकं तो चालला. पाँडेरोसा पाइनसारख्या जंगलांत त्याचे परिणाम काका सांगतात तसे झाले. तिथे पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची सौम्य आग फिरून जायची. जुन्या झाडांच्या खोडावर तिचे व्रण आहेत आणि वाढीच्या वलयांवरून त्या व्रणाचं वर्ष काढता येतं.

पण हे सगळ्या जंगलांना लावू नये. १९८८ मध्ये यलोस्टोन उद्यानाचा ३६ टक्के भाग आगीच्या टापूत आला, तेव्हा अनेकांनी विझवण्याच्या धोरणाला दोष दिला. तिथली लॉजपोल पाइनची जंगलं मुळातच शेकडो वर्षांनी एकदा आणि जोरात जळणारी आहेत. त्या उन्हाळ्याचा दुष्काळ आणि वारा हीच तिथली मोठी कारणं. एकाच आकड्याची दोन जंगलांत दोन कारणं असतात, आणि मॉडेलला ते आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

संख्याशास्त्राच्या बाजूनं आणखी गंभीर गोष्ट म्हणजे आपल्या नोंदी विझवणाऱ्यांच्या हातून गेलेल्या आहेत. "या खोऱ्यात आगी लहानच राहतात" हे तिथल्या निसर्गाचं वैशिष्ट्य असेल, किंवा तिथून दहा मिनिटांवर पथक असल्याचा परिणाम असेल. मॉडेल पहिलं समजून त्या खोऱ्याला हिरवा रंग देतं. मग तो हिरवा रंग पाहून कोणी पथक हलवलं तर? हा विचार आला त्या रात्री मला झोप लागली नाही.

खडूफळा | सोमवार, सकाळी १०:१०

वलयांवरून आठवलं. दोन आगींमधला काळ मोजताना लोक शेवटचं अंतर सोडून देतात, कारण ते पूर्ण झालेलं नसतं. शेवटची आग १९४० ची आणि त्यानंतर आजवर काही नाही, तर ती ८० हून अधिक वर्षं हिशेबाबाहेर टाकली जातात. रुग्णांच्या अभ्यासात जिवंत असलेल्या रुग्णांना वगळून सरासरी आयुष्य काढण्यासारखंच हे. "अंतर निदान इतकं तरी आहे" एवढी माहिती मॉडेलमध्ये घालता येते, काळाची अंतरं मांडणाऱ्या वायबुल वितरणात तर अगदी सहज. ती घातली नाही की आगी प्रत्यक्षापेक्षा वारंवार येतात असं भासतं.

दूरदिवे | सोमवार, दुपारी १:२५

मोजपट्टी तोकडी पडल्याचं माझ्या मनाला लागलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. मॅकआर्थर यांच्या आगीच्या धोक्याच्या निर्देशांकात १०० हा आकडा १३ जानेवारी १९३९ च्या, ब्लॅक फ्रायडे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वणव्यांच्या दिवसाच्या परिस्थितीवर बेतलेला होता. त्या वेळेपर्यंत माहीत असलेली सर्वांत वाईट स्थिती म्हणजे १००. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नचं तापमान ४६.४ अंशांवर गेलं आणि निर्देशांक १०० च्या कितीतरी वर. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. पट्टीवर त्या दिवसासाठी शब्दच नव्हता, तो नंतर घातला गेला.

आपण भूतकाळातला कमाल आकडा हीच मर्यादा मानतो. हवा तापते तशी तिची पाणी शोषायची ताकद सरळ रेघेत वाढत नाही, झपाट्यानं वाढते. १९८४ ते २०१५ या काळात पश्चिम अमेरिकेत जळालेलं वनक्षेत्र माणसामुळे झालेल्या हवामानबदलानं जवळपास दुप्पट केलं, असा अबात्झोग्लू आणि विल्यम्स यांचा २०१६ चा निष्कर्ष आहे. अशा वेळी तीस वर्षांच्या नोंदींवर "शंभर वर्षांतून एकदा" असं लिहिताना माझा हात थबकतो.

शून्यलब्धी | सोमवार, रात्री ७:५५

मग भूतकाळात जे घडलंच नाही ते मॉडेलला शिकवायचं कसं?

कातळफूल | सोमवार, रात्री ९:३३

एक मार्ग म्हणजे वर्षं बनवायची. आग जमिनीवर कशी पसरते याचं रिचर्ड रॉदरमेल यांचं १९७२ चं समीकरण आहे: इंधन, ओलावा, वारा, उतार द्या, वेग मिळतो. त्याच्या पुढे संख्याशास्त्र जोडायचं. हवामानाच्या नोंदींसारखे वागणारे, पण त्यांची नक्कल नसलेले हंगाम संगणकात तयार करायचे. त्यात शक्यतेप्रमाणे आगी लावायच्या आणि त्या कुठवर जातात ते पाहायचं. मार्क फिनी आणि सहकाऱ्यांची अशी प्रणाली दहा-दहा हजार काल्पनिक वर्षं चालवते. मग प्रत्येक चौकट किती वर्षांत जळाली ते मोजायचं. ज्या चौकटीत प्रत्यक्षात कधीच आग *लागलेली* नाही, तिथेही ती दुसरीकडून *येऊन* जळण्याची शक्यता किती, हे त्यातून दिसतं. माझ्या पहिल्या नकाशात हीच गोष्ट नव्हती.

पाणकणीस | मंगळवार, सकाळी ७:४०

आणि घरं? इतका वेळ आपण जंगलाबद्दल बोलतोय. माझ्या बहिणीचं घर जंगलाच्या कडेला आहे, म्हणून विचारते.

रानवाटसरू | मंगळवार, सकाळी ९:२२

बहुतेक वेळा ज्वाळांची भिंत चालत येऊन घर जाळत नाही. वाऱ्यावर निखारे येतात, आगीच्या पुढे किलोमीटरभरसुद्धा. ते पन्हळीतल्या पानांत, पायरीखाली, छताच्या फटीत पडतात. घर आतून पेटतं आणि शेजारची झाडं हिरवीच उभी असतात. बहिणीला सांगा, पन्हळ आजच साफ करा, भिंतीला टेकून सरपण रचू नका, छताच्या झरोक्यांना बारीक जाळी बसवा.

कातळफूल | मंगळवार, सकाळी १०:४५

काकांच्या म्हणण्याला जॅक कोहेन या संशोधकाच्या प्रयोगांचा आधार आहे. घर पेटेल की नाही हे बहुतांशी ते घर आणि त्याच्याभोवतीची साधारण ३० मीटरची जागा ठरवते. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइज गावात आणि आसपास वणव्यात ८५ माणसं गेली. तिथे पुढे घरंच एकमेकांना पेटवत गेली. जोखीम म्हणजे आगीची शक्यता, तिच्या वाटेत काय आहे, आणि जे आहे ते किती सहज पेटतं, या तिन्हींचा गुणाकार. पहिल्यावर आपला ताबा फार थोडा. तिसऱ्यावर पुष्कळ.

शून्यलब्धी | मंगळवार, दुपारी ३:१०

मूळ प्रश्न मात्र राहिला. दोन गाड्या, चौदा माणसं. कुठे उभी करायची?

कातळफूल | मंगळवार, रात्री १०:०८

तेच तीन दिवस मांडतेय. इथवर आलेय:

आधी *किती* आगी एका वेळी. कनिंगहॅम आणि मार्टेल यांनी १९७३ मध्ये माणसांनी लावलेल्या आगींची रोजची संख्या पॉइसाँ वितरणानं (एकमेकांपासून स्वतंत्र घटना किती घडतील ते सांगणाऱ्या) मांडली, आणि त्याची सरासरी पाचोळ्याच्या ओलाव्याबरोबर बदलत ठेवली. ओलावा सोडून दिला आणि रोज सरासरी दोनच धरल्या, तर एका दिवसात दहा किंवा जास्त आगी सुमारे ५९ वर्षांतून एकदा याव्यात. विजांच्या एका कोरड्या रात्रीत त्या येतात! ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच कोरड्या विजांनी शेकडो आगी लावल्या. त्यातल्या काही मिळून झालेली एक आग १० लाख एकरांवर गेली. आगी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, थव्यानं येतात. म्हणून अशा थव्यांना जागा देणारं ऋण-द्विपद वितरण, आणि विजांच्या आगींचं मॉडेल वेगळं. वीज पडल्यावर आग काही दिवस खोडात धुमसून मग दिसते, तेही त्यात हवं.

मग उंबरठा. माणसं आधीच नेऊन ठेवण्याचा खर्च १ धरला, आणि न ठेवल्यानं आग निसटली तर होणारं जादा नुकसान ५० धरलं, तर शक्यता २ टक्के झाली की माणसं हलवायला हवीत. २ टक्क्यांना नकाशावर आपण हिरवा रंग देतो. रंग शक्यतेवरून न ठरवता या गुणोत्तरावरून ठरवले तर नकाशा पूर्ण बदलतो. रस्त्यालगतचा माझा लाल पट्टा फिका पडतो आणि रस्ता संपतो तिथल्या पुढच्या चढाचा रंग गडद होतो.

रानवाटसरू | बुधवार, सकाळी ६:५५

त्या चढावर माझे दोन सहकारी भाजले होते, म्हणून तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

एक सांगतो. २ टक्क्यांना माणसं हलवली तर पन्नासात एकोणपन्नास वेळा ती उन्हात बसून परत येतील. हे त्यांना आधी नीट समजावून सांगा. नाही सांगितलं तर दहाव्या वेळी ती मनानं आलेलीच नसतात. तुमच्या खर्चाच्या १ मध्ये हा थकवाही धरा.

नियंत्रित जाळणीचंही तसंच आहे. हंगामाआधी, सकाळी दव असताना, पट्ट्यापट्ट्यानं जाळायची. पण किती जाळली की किती वाचतं, हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही.

कातळफूल | बुधवार, सकाळी ८:१४

काका, थकव्याचं आजच हिशेबात घेते. मला हे सुचलंच नसतं.

जाळणीबद्दल: ऑस्ट्रेलियातल्या काही अभ्यासांत एक हेक्टर वणवा कमी व्हायला साधारण तीन ते चार हेक्टर जाळावे लागले. कारण वणवा नेमका जाळलेल्या पट्ट्यातच येईल याची खात्री नसते, आणि काही वर्षांत तिथे पुन्हा पाचोळा साठतो. म्हणून सरसकट जाळण्यापेक्षा वस्तीच्या आणि निसटत्या चढांच्या बाजूचे पट्टे निवडण्याकडे माझा कल आहे.

आता माझी अडचण. "निसटेल का" या मॉडेलला आग किती वाजता दिसली, पथक किती वाजता पोचलं आणि तेव्हा ती केवढी होती, हे हवं. माझ्याकडच्या नोंदी एक हेक्टरच्या वरच्या आगींच्या आहेत. म्हणजे लवकर पोचल्यामुळे ज्या लहान राहिल्या त्या त्यात नाहीतच. जिंकलेल्या लढाया वगळून मी हरण्याची कारणं शोधतेय.

रानवाटसरू | बुधवार, सकाळी ११:३०

माझ्याकडे वह्या आहेत. एकोणीस वर्षांच्या, पहिल्या तीन भिजून गेल्या. धूर दिसल्याची वेळ, आम्ही निघालो ती वेळ, पोचलो ती वेळ, वारा कुठून, किती माणसं. लहान आगींचंही लिहिलंय, पायानं विझवलेल्यांचंसुद्धा. कागदावर वर पाठवायची गरज नव्हती, पण सवय होती. पाचोळ्याला "दुमडला" किंवा "चुरा" असं रोज सकाळी एका शब्दात लिहायचो. तुमच्या कामाचं आहे का?

कातळफूल | बुधवार, सकाळी ११:३४

काका, "दुमडला" आणि "चुरा" एकोणीस वर्षं, रोज? मला सगळ्या वह्या हव्यात. मी स्वतः येऊन पानापानाचे फोटो घेते.

शून्यलब्धी | बुधवार, दुपारी १२:०२

नोंदी संगणकात भरायला मी रोज दोन तास देतो.

खडूफळा | बुधवार, दुपारी १२:४०

मीही. अक्षर कसंही असलं तरी लावते, उत्तरपत्रिका तपासून सवय आहे.

रानवाटसरू | बुधवार, दुपारी १:१५

या रविवारी या. वह्या आज उन्हात घालतो, वाळवी लागलीय का ते बघतो.